नव्या नायब तहसीलदाराला, भाऊसाहेबांबद्दल

रुजू झालास, अभिनंदन. तुझ्या हाताखालचे कारकून भाऊसाहेब छप्पन्न वर्षांचे आहेत आणि ई-ऑफिसवर, म्हणजे संगणकावरच्या फायलीत, टिपणी टाकायला टाळतात, म्हणतोस. चारचौघांत बोलू नकोस. मी एकदा भर बैठकीत एकाला झापलं होतं. पुढे महिनाभर तो माणूस 'हो साहेब' पलीकडे बोलला नाही. शेजारी बस, पहिली टिपणी दोघं मिळून टाका. स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून दे, बरेचदा घोडं तिथंच अडलेलं असतं. फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या नोंदी बदलण्याचा, गुंता आला की मात्र त्यांनाच विचार. जुन्या कागदांचं बासन ते डोळे मिटून काढतील.

आणि त्यांचं सेवापुस्तक आजच मागव. कारकुनाची निवृत्ती ५८ व्या वर्षी. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे कागदपत्रांची तयारी दोन वर्षं आधी सुरू करायची, म्हणजे आत्ताच. पगारनिश्चिती तपासणाऱ्या वेतनपडताळणी पथकाचा शिक्का, सुटलेल्या रजांच्या नोंदी, नामनिर्देशन, सगळं स्वतः बघ. पेन्शनची प्रकरणं तपासणाऱ्या महालेखापालांकडून प्रकरण आक्षेप लागून परत आलं, तर म्हातारपणी हेलपाटे त्यांनाच. आस्थापना शाखेवर ढकलून मोकळा होऊ नकोस.

लाड नकोत हं. प्रलंबित प्रकरणांचा हिशेब दर सोमवारी त्यांच्याकडूनही घे, चहा पाजून.