निमशुष्क प्रदेशावर उंचावरचे वारे ऋतूनुसार दिशा का बदलतात?

तुमचा प्रश्न असा, की दख्खनचं पठार असो वा आफ्रिकेतला साहेल, बारा-चौदा किलोमीटरवरचा वारा हिवाळ्यात पश्चिमेकडून आणि पावसाळ्यात पूर्वेकडून का वाहतो.

याचं उत्तर पायाखालच्या जमिनीच्या तापमानात शोधू नका. बघायचं ते हे, की उत्तरेला आणि दक्षिणेला असलेल्या हवेच्या उंच थरांपैकी जास्त उबदार कोणता. उबदार हवा फुगलेली असते, त्यामुळे वर जाताना तिच्यातला दाब सावकाश उतरतो. थंड हवेत तो झपाट्याने उतरतो. परिणामी त्या उंचीवर उबदार बाजूला दाब जास्त राहतो. हवा तिकडून थंड बाजूकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते.

हिवाळ्यात ऊब दक्षिणेला, म्हणून पश्चिमेकडचा वारा, आणि उंचीबरोबर तो वाढत जातो. उन्हाळा सरता सरता तिबेटचं पठार तापतं, मोसमी ढगांमधून सुटलेली उष्णता त्यात भर घालते आणि ऊब उत्तरेला सरकते. पश्चिमी जेट, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, हिमालयाच्या उत्तरेला जातो आणि दक्षिणेत पूर्वेकडचा जेट उभा राहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी हा पूर्वेकडचा जेट १९५८ मध्ये मांडला. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

मग कोरड्या जमिनीचा काहीच वाटा नाही का? आहे, पण जरा खाली. साहेलच्या उत्तरेला सहारा. तिथे बाष्पीभवनाला पाणीच नसल्याने उन्हाची जवळजवळ सगळी ऊर्जा हवा तापवण्यात जाते आणि दुपारी तापून वर जाणाऱ्या हवेची घुसळण पाच-सहा किलोमीटरपर्यंत पोचते. दक्षिणेला गिनीच्या किनाऱ्याकडे ओल आणि झाडी, म्हणून हवा थंड. या फरकातून तीन-चार किलोमीटरवर पूर्वेकडचा वेगळा जेट तयार होतो. गंमत पुढे आहे: कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला सुमारे १० अंश निवते, ढगाळ हवा त्याहून कमी. त्यामुळे आणखी वर गेल्यावर सहाराची बाजूच थंड ठरते आणि हा जेट पुन्हा मंदावतो.

चांगल्या पावसाच्या वर्षी ओल्या जमिनीची सीमा उत्तरेला सरकते, आणि हा जेटही नेहमीपेक्षा उत्तरेला दिसतो.