पाळकांचा शब्द म्हणजे प्रभूचा शब्द का?

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, ख्रिस्तात सलाम. मी आमच्या चर्चच्या मंडळीचा खजिनदार आहे. सुगीच्या सणाला आलेल्या दानाचा हिशेब वार्षिक सभेत वाचू नका, असं आमच्या पाळकांनी मला बजावलं. कारण विचारलं तर म्हणाले, ‘मी प्रभूचा अभिषिक्त, म्हणजे त्यानेच नेमलेला, आहे. माझ्या अधिकाराखाली राहिलात तरच येशूला प्रभू मानलंत असं होईल.’ वर बायबलमधलं इब्री 13:17 काढून दाखवलं. मी काय करावं?
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : सलाम. वचन त्यांनी बरोबर काढलं, पण अर्धंच वाचलं. पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, असं त्यात आहे खरं; पण त्या पुढाऱ्यांना स्वतःला हिशेब द्यायचा आहे, हेही त्याच वचनात आहे. आणखी तीन वचनं पुढे जा. मेंढरांचा महान मेंढपाळ कोण, हे तिथे नाव घेऊन सांगितलंय : आपला प्रभू येशू. मीही जन्मभर व्यासपीठावरून बोललो, म्हणून सांगतो. पाळक स्वतःलाच अभिषिक्त म्हणवून घेऊ लागला, की मंडळीच्या पंचांनी आधी पासबुक मागवावं.

स्वर्गात आणि पृथ्वीवर सर्व अधिकार मला दिलेला आहे, असं प्रभू म्हणाला (मत्तय 28:18). सर्व म्हटल्यावर आपल्या वाट्याला काय उरतं? शिष्यांना त्याने काम दिलं, गादी नाही. त्याच्या दोन शिष्यांच्या, जब्दीच्या मुलांच्या, आईने उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागितल्या, तेव्हा परराष्ट्रीयांचे अधिपती हुकमत गाजवतात, तुमच्यात तसं नसावं, असं त्याने साफ सांगितलं. त्याचा शिष्य पेत्र यानेही मंडळीतल्या वडीलजनांना बजावलं, की कळपावर धनीपण करू नका.

आणि पैशाचं म्हणाल, तर प्रेषित पौलाचं बघा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मासेदोनिया आणि अखया या प्रांतांतल्या मंडळ्यांतून वर्गणी जमली. ती त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला भाऊ सोबत घेतला. कारणही लिहून ठेवलंय : या देणगीबाबत कोणी आपल्याला दोष लावू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार चोख असावा (2 करिंथ 8). जे पौलाला कमीपणाचं वाटलं नाही, ते तुमच्या पाळकांना का वाटावं?

1934 च्या मे महिन्यात जर्मनीत बार्मेन इथे प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले होते. हिटलरच्या राजवटीला चर्चवर आपला ताबा हवा होता. त्याविरुद्ध या प्रतिनिधींनी काढलेल्या जाहीरनाम्यातलं चौथं कलम मला फार मोलाचं वाटतं : मंडळीतली पदं ही एकाने दुसऱ्यावर सत्ता गाजवण्यासाठी नाहीत, साऱ्या मंडळीवर सोपवलेली सेवा त्यांतून चालते.

आता थोडं तुमच्याबद्दल. ‘मला प्रभू, प्रभू म्हणता आणि मी सांगतो ते करत नाही, हे का?’ हा लूक 6:46 मधला प्रश्न खजिनदारालाही आहे. पाळकांशी तुमचं जुनं काही बिनसलं असेल, तर ते या हिशेबात मिसळू नका. मत्तय 18 मधल्या क्रमाने चला. आधी एकटे त्यांच्या घरी जा, पावतीपुस्तक सोबत न्या, आवाज चढवू नका. ऐकलं नाही तर दोघे पंच घेऊन जा. तरीही नाहीच, तर मंडळीपुढे हिशेब वाचा. आणि तोवर कोऱ्या कागदावर सही करू नका, कोणी कितीही वचनं दाखवली तरी.