परतीची गाडी आधी विचारा

प्रश्न : आम्ही सोलापूरचे. दिवाळीनंतर पाच दिवस कोकणात यायचा विचार आहे. मी, यजमान, नऊ वर्षांचा मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. स्वतःची गाडी नाही. रोज बॅगा भरायच्या आणि नवं हॉटेल गाठायचं, हे सासूबाईंना झेपणार नाही. मुक्काम गणपतीपुळ्याला करावा की रत्नागिरीत? एसटीनं फिरून रोज संध्याकाळी परत येता येईल का?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, मुक्काम रत्नागिरीतच करा. पुळं सुंदर आहे, पण तिथून दक्षिणेला कुठंही जायचं म्हटलं की आधी रत्नागिरीच गाठावी लागते. याचं कारण आमच्या खाड्या. जयगडला शास्त्रीची खाडी, शहराला लागून भाट्याला काजळीची, खाली पूर्णगडला मुचकुंदीची. किनारा असा जागोजागी तुटलेला असल्यामुळे सगळं एका फेरीत गुंडाळून बघता येत नाही. एका दिवशी एकच दिशा धरायची, संध्याकाळी शहरात परतायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसरी दिशा. गाड्याही तशाच सुटतात.

मी एसटीत वाहक होतो. सगळी नोकरी याच जिल्ह्यात झाली. म्हणून पाहुण्यांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट आधी सांगतो. आमच्या गाड्या गावच्या माणसाच्या दिवसाप्रमाणे चालतात. सकाळी शाळा-कॉलेज, कचेरी, दवाखाना, बाजार यांसाठी माणसं गावातून शहरात येतात आणि संध्याकाळी घरी जातात. तुम्ही नेमके उलट जाणार. सकाळी शहरातून निघताना बसायला जागा मिळेल, हा फायदा. पण संध्याकाळी गावाकडे गेलेली शेवटची गाडी बरेचदा वस्तीची असते. ती रात्री गावातच थांबते आणि पहाटे शहराकडे सुटते. पाहुणे तिला येताना बघतात आणि हीच परत नेईल म्हणून फाट्यावर बसून राहतात. म्हाताऱ्या माणसांना अंधारात असं ताटकळलेलं मी पाहिलंय, आणि फार वाईट वाटायचं. तेव्हा स्टँडवर जायची गाडी विचाराल, तेव्हाच परतीची शेवटची कधी, तेही वाहतूक नियंत्रकाला विचारा. उतरताना वाहकाला पुन्हा एकदा विचारा. आणि शेवटच्या गाडीवर अवलंबून राहू नका, तिच्या आधीची धरा.

तिकिटांचं सांगतो. सासूबाईंना ७५ पूर्ण झाली आहेत, त्यांचा राज्यातला एसटी प्रवास २०२२ पासून मोफत आहे. आधार कार्ड जवळ ठेवा आणि शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्या. तुम्हाला २०२३ पासून अर्धं, मुलालाही अर्धं. पूर्ण तिकीट फक्त यजमानांचं.

पहिला दिवस शहरात काढा. आंबा घाट उतरून याल, सासूबाईंचं अंग आंबलेलं असेल. दुपारी आराम करून थिबा राजवाडा पाहा. इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी कुटुंबासह इथं आणून ठेवलं. राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथंच वारला. मुलाला ही गोष्ट राजवाड्यात उभं राहून सांगा. समोर खाडी आणि समुद्र दिसतो, आणि ज्याला परत जाता येत नाही अशा माणसानं रोज काय पाहिलं असेल ते त्याला आपोआप कळेल. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्याप्रमाणे दिवस ठरवा. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आणि १९३१ चं पतितपावन मंदिर रिक्षानं होतं. संध्याकाळ मांडवीच्या किनाऱ्यावर.

दुसरा दिवस उत्तरेचा. गणपतीपुळ्याला आरे-वारेवरून जाणारी गाडी विचारून घ्या. निवळीवरून जाणारी लांबून जाते आणि त्या रस्त्यानं समुद्र दिसत नाही. देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा साधारण किलोमीटरभराची आहे. ती तुम्ही घाला, सासूबाईंना सभामंडपात बसू द्या. जेवून रिक्षानं मालगुंडला जा, अगदी जवळ आहे. तिथं केशवसुतांचं घर जपलंय, १८६६ मध्ये त्यांचा जन्म तिथला. मुलगा पुळ्याच्या पाण्यात उतरायचा हट्ट करेल. गुडघ्यापर्यंतच, आणि हात सोडायचा नाही. तिथला उतार एकदम खोल जातो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढते. पट्टीचे पोहणारेही तिथं बुडाले आहेत.

तिसरा दिवस दक्षिणेचा, आणि मला विचाराल तर हाच सगळ्यांत चांगला. भाट्याचा पूल ओलांडला की गर्दी संपते. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घ्या. दुपारी प्रसादाची खिचडी मिळते, सासूबाईंना ती नक्की आवडेल. तिथून रिक्षा करून गणेशगुळ्याला जा. गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला, असं आमच्याकडे म्हणतात. किनारा लांब आणि शांत आहे. पुढं पूर्णगडचा छोटा किल्ला. चढ फार नाही, तरी सासूबाईंचे गुडघे विचारून ठरवा.

चौथ्या दिवशी गाडी भाड्यानं घ्या. एवढा एक खर्च करा. कशेळीचं कनकादित्य हे सूर्यमंदिर, आडिवऱ्याची महाकाली आणि कशेळीच्या सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरचं, कातळशिल्प, हे सगळं एसटीनं एका दिवसात जमत नाही, कारण फाट्यापासून आत चालावं लागतं. पण ते कातळशिल्प चुकवू नका. उघड्या जांभ्यावर कोरलेला प्रचंड हत्ती, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण आमच्या गुराख्यांना ती कितीतरी आधीपासून ठाऊक होती. सड्यावर सावली नाही, सकाळीच जा. कातळावर रेघांवरून चालू नका, मुलाला बूट काढायला लावलेत तर उत्तम.

मार्लेश्वरचं देऊळ या खेपेला सोडा. पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत. पाचव्या दिवशी सकाळी मिरकरवाडा बंदरावर मासळीचा लिलाव बघा, खरेदी करा आणि निघा.

प्रश्न : जुलैमध्ये दुचाकीवरून रत्नागिरीला येऊन एका दिवसात गुहागर करून परतायचंय. जयगडची फेरीबोट मिळेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मोसम चांगला असताना हा दिवस फार सुरेख होतो. आरे-वारे, पुळं, जयगड, तिथून बोटीत दुचाकी चढवून पलीकडे तवसाळ, मग हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. जुलैत मात्र वारा वाढला की बोट थांबते, आणि तुम्ही पलीकडे असताना थांबली तर खाडीला मोठा वळसा घालून पावसात रात्री गाडी चालवावी लागेल. ते करू नका. त्या दिवसांत जयगडचा किल्ला आणि कऱ्हाटेश्वराचं देऊळ पाहून मागे फिरा. गुहागर नोव्हेंबरात करा, आणि तेव्हाही तवसाळला उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बोट कधी ते तिकीटवाल्याला विचारा. हेदवीची बामणघळ, म्हणजे लाटा आत घुसतात ती खडकातली चीर, भरतीला पाहायची असते, पण कड्यापासून लांब उभं राहून. खडक शेवाळलेला असतो.