साहेब चांगले आहेत, पण पगार पुरत नाही

प्रश्न : सहा वर्षांपासून एका खासगी कंपनीत बिलिंगचं काम करते. आतापर्यंत पाच वेळा पगारवाढ झाली, दर वेळी ३ टक्के. घरखर्च मात्र वर्षाला साधारण ६ टक्क्यांनी वाढतोय आणि वीस तारखेलाच खातं तळाला जातं. दुसऱ्या एका कंपनीने तोंडी १८ टक्के जास्त सांगितलेत, दहा दिवसांत उत्तर हवंय. पण ती लांब आहे. आत्ता घर सोडल्यापासून परत येईपर्यंत १० तास जातात, तिथे साडेअकरा जातील. आईच्या आजारपणात साहेबांनी महिनाभर पगारी रजा दिली होती. आता पैशासाठी सोडून जाणं कृतघ्नपणाचं वाटतं. काय करू?

उत्तर : ताई, ‘पैशासाठी’ हा शब्द तुम्ही अपराध्यासारखा लिहिलाय. त्याची काही गरज नाही. हिशेब मांडला की ते दिसेलच.

लागलात तेव्हाचा पगार १०० धरा आणि खर्चही १००. पाच वाढींनंतर पगार झाला ११६. खर्च तेवढ्याच काळात १३४. इथे बहुतेक जण वजाबाकी करतात आणि ‘१८ टक्के मागे पडलो’ म्हणतात. वजाबाकी नको, भागाकार करा. १३४ ला ११६ ने भागलं की कळतं, नुसतं जुन्या जागी यायला तुम्हाला साडेपंधरा टक्के वाढ लागेल. म्हणजे नवख्या असताना तुमच्या पगारात जेवढं यायचं, त्यापेक्षा सुमारे १३ टक्के कमी आज येतं, आणि काम तर वाढलेलंच असणार. दरवर्षी थोडी थोडी झालेली ही पगारकपातच आहे. ती बोलून दाखवणं म्हणजे हाव नव्हे.

मात्र तो ‘साधारण ६’ एकदा पडताळून पाहा. यंदाचं आणि तीन वर्षांपूर्वीचं बँक स्टेटमेंट घ्या, दोन्हींतले तेच तीन महिने समोरासमोर ठेवा आणि खर्चाचे तीन ढीग करा : तीच वस्तू महागली ते, गरज नव्याने आली ते (औषधं, मुलांची वरची इयत्ता) आणि सवय वाढली ते. पगाराच्या बोलणीत पहिलाच ढीग चालतो. दुसरा मालक मोजणार नाही, पण तुम्हाला मोजावाच लागेल. तिसरा नोकरी बदलून कमी होत नाही, उलट नव्या पगाराबरोबर वाढतो.

आता त्या १८ टक्क्यांकडे या. ११६ वर १८ टक्के म्हणजे १३७. खर्च १३४. एवढी मोठी वाटणारी उडी तुम्हाला सहा वर्षांपूर्वीच्या जागेवर आणून वर जेमतेम दोन टक्के देते. शिवाय रोजचे दहा तास साडेअकरा होणार, म्हणजे वेळ १५ टक्के जास्त. तासाच्या हिशेबाने वाढ अडीच टक्क्यांच्या आसपास उरते, आणि त्यातून जास्तीचं प्रवासभाडं अजून जायचंय. आहे तशी ही नोकरी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण ती आहे तशीच घ्यावी लागेल असंही नाही. बिलिंगचं बरंचसं काम घरून होऊ शकतं. आठवड्यातले दोन दिवस घरून मागा. कामाचे नऊ तास धरले तर आठवड्याला तुमचे आजचे ५० तास तिथे साडेबावन्न होतील, आणि तासामागे वाढ १२ टक्क्यांवर जाईल. तेवढ्या एका अटीने सगळं गणित पालटतं.

आजच त्यांच्याकडे लेखी पत्र मागा. तोंडी आकड्यावर राजीनामा द्यायचा नाही, पत्रावर दोन्हीकडच्या सह्या झाल्यावरच द्यायचा. पत्रात पाहायचं ते हे : ठरलेला पगार किती आणि कामगिरीवर अवलंबून किती? आजच्या पगाराला १०० धरून मिळणाऱ्या ११८ मधले १० कामगिरीचे असतील आणि निम्मेच हाती आले, तर तुमचे ११३ होतात. प्रोबेशन किती महिने, पहिली पगारवाढ कधी, आरोग्य विमा कोणत्या दिवसापासून, आधीपासूनच्या आजारांचा खर्च विम्यातून मिळायला काही काळ थांबावं लागतं का? घरून कामाचे दोन दिवसही त्याच पत्रात यायला हवेत. ‘आमच्याकडे चालतं तसं’ यावर विसंबू नका, वरिष्ठ बदलले की ते बंद होतं.

याच आठवड्यात साहेबांशीही बोला. ‘घर चालत नाही’ म्हणू नका. त्याने सहानुभूती मिळते, वाढ मिळत नाही, कारण वर मंजुरीला पाठवताना त्यांना कामाचं कारण द्यावं लागतं. एका कागदावर लिहून न्या : लागले तेव्हा महिन्याला किती बिलं, आता किती, कोणती जबाबदारी नंतर आली, माझ्यामुळे कुठली चूक किंवा थकबाकी कमी झाली. मग आकडा सांगा, १६ टक्के, आणि गप्प बसा. इथे घाईने ‘दहा दिलेत तरी चालेल’ म्हणून जाणारे फार असतात. दुसरी ऑफर टेबलावर आपटू नका. ‘बघू’ म्हणाले तर तारीख विचारा. बजेट ठरून गेलं असेल तर त्यांचेही हात खरंच बांधलेले असू शकतात.

राजीनाम्यानंतर एकदम वाढ देऊ केली, तर एक गोष्ट लेखी घ्या : पुढची वार्षिक वाढ वेगळी मिळेल. नाहीतर तीच आगाऊ दिलेली असते आणि वर्षभराने तुम्ही पुन्हा तिथेच.

जायचं ठरलं तर दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. जुन्या कंपनीचा शेवटचा हिशेब रेंगाळतो, आणि नवीकडे महिन्याची पगारपत्रकं बंद झाल्यावर रुजू झालात तर पहिला पगार पुढच्या महिन्यावर जातो. प्रोबेशनमध्ये नवं कर्ज नको.

राहिली ती रजा. साहेबांनी माणुसकी दाखवली, ती तुम्ही विसरू नका. पण पगार ठरवते कंपनी. साहेबांचे उपकार फेडायचे तर नोटीसच्या काळात प्रत्येक ग्राहकाची बिलाची तारीख, सवलत, नेहमी अडणारी जागा लिहून ठेवा आणि नव्या माणसाला शेजारी बसवून एक पूर्ण महिनाअखेर त्याच्या हातून करून घ्या.

दोन दिवस घरून लेखी मिळाले तर जा. नाही मिळाले आणि साहेबांनी १२ टक्क्यांच्या वर दिलं तर थांबा. दोन्ही झालं नाही तर ही जागा सोडून द्या आणि आहे तिथे राहून घराजवळची शोधा. एक कंपनी १८ द्यायला तयार झाली, म्हणजे बाजारात तुमची किंमत निदान तेवढी आहेच. पुढच्या मुलाखतीत बोलणी तिथूनच सुरू करा.