सीट खाली करू नका काकू, सायकलही सोडू नका

प्रश्न : नमस्कार, मी नेरूळला राहते, वय ६६, शाळेत शिकवायचे, आता रिटायर आहे. दोन्ही गुडघे दुखतात, एक्सरे काढला तर गादी थोडी झिजलीय म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, वजन कमी करा आणि चाला. पण अर्धा तास चाललं की गुडघा धरतो आणि मग दोन दिवस घरातच. नातवाची गिअरवाली सायकल पडून आहे. लहानपणी साताऱ्याला मी सायकल चालवायचे, म्हणून परवा सोसायटीच्या आवारात बसून बघितलं, तोल जमला, इतका आनंद झाला की काय सांगू, पण दहा मिनिटांत गुडघ्याच्या वाटीजवळ दुखायला लागलं. मुलगा म्हणतो आई हा नाद सोड. सोडू का?

उत्तर : नका सोडू काकू. मला आधी हे सांगा, सीट किती खाली होती? बहुतेक एकदम खाली असणार, कारण खूप वर्षांनी सायकलवर बसणारे जवळजवळ सगळेच तसं करतात, दोन्ही पाय जमिनीला टेकले की पडायची भीती वाटत नाही. पण सीट खाली असली की पॅडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो आणि त्या दुमडलेल्या गुडघ्यानेच जोर लावावा लागतो, मग सगळा दाब वाटीच्या मागे जातो. पाटावरून उठताना जे होतं तेच, फक्त इथे मिनिटाला पन्नास-साठ वेळा. मग माणूस म्हणतो सायकल मला सोसत नाही आणि सायकल परत जिन्याखाली जाते. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्यांमध्ये हे इतक्या वेळा बघितलंय की खरंच जीव हळहळतो.

आता मापाचं. भिंतीला धरून सीटवर बसा, पॅडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना मात्र टाच नाही, चवडा ठेवायचा, म्हणजे गुडघा आपोआप थोडासाच वाकलेला राहतो. सीट फार वर गेली तर कंबर डावी-उजवी हलायला लागते आणि गुडघ्याच्या मागे दुखतं, तसं झालं की जरा खाली घ्या.

आणि भीतीचं काय, तर थांबायचं कसं ते आधी शिका. ब्रेक हळू दाबत सीटवरून पुढे सरकायचं आणि एक पाय खाली टेकवायचा, सीटवर बसूनच पाय टेकवायचा हट्ट करायचा नाही. पहिला आठवडा सीट खाली ठेवून पॅडल न मारता नुसतं पायांनी ढकलत जा, तोल पक्का होतो, मग दोन-तीन दिवसांनी एकेक बोट सीट वर. नातवाच्या सायकलला वर आडवी दांडी असेल तर ती सायकल तुमच्यासाठी नाही, पाय मागून टाकताना पडायची भीती जास्त. दांडी खाली असलेली लेडीज सायकल घ्या, चेनला कव्हर असलेली, ओढणी अडकत नाही.

मुलाला एवढं सांगा की चालताना गुडघ्यावर आपल्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो आणि सपाट रस्त्यावर आरामात सायकल चालवताना साधारण वजनाइतका किंवा थोडा जास्त, कृत्रिम गुडघ्यात सेन्सर बसवून हे मोजलेलं आहे. शरीराचं बरंचसं वजन सीट घेते ना. शिवाय सांध्यातल्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, सांध्यातल्या पाण्यातूनच तिला पोषण मिळतं आणि ते हालचालीने फिरतं, म्हणून दुखतंय म्हणून बसून राहिलं की गुडघा आणखी आखडतो.

गिअर हलका ठेवा, पाय भरभर फिरले तरी चालतील पण दाबून मारायला लागू नये. पहिले १० मिनिटं, मग १५, बोलता येईल इतक्याच वेगाने. थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शांत झालं तर चालेल, सूज आली किंवा गुडघा गरम लागला तर थांबा आणि दाखवा. बीपी, शुगर, हृदयाची गोळी असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, शुगरवाल्यांनी खिशात गोड काहीतरी ठेवावंच. हेल्मेट हवंच.

रस्ता? पामबीच रोडवर अजिबात नको, तिथे गाड्या सुसाट असतात. सेक्टरच्या आतले रस्ते सकाळी ६ ला रिकामे असतात तेच बरे. कुत्री मागे लागली तर सायकल पळवू नका, उतरा आणि ती तुमच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरून हळू चाला.

एक मात्र आहे, हाडं मजबूत राहायला लागतो तेवढा भार सायकलने हाडांवर पडत नाही, म्हणून हाडांसाठी थोडं चालणं आणि खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा व्यायाम चालू ठेवा, सुरुवातीला उंच खुर्ची घ्या.

प्रश्न : मी ठाण्यात वर्तकनगरला, वय ७१. मित्रांबरोबर रविवारी येऊरच्या डोंगरावर सायकल नेतो, चढावर गुडघा दुखतो. गोळी घेऊन जाऊ का?

उत्तर : नाही काका. गोळीने दुखणं कळत नाही, गुडघ्यावरचा भार तेवढाच राहतो. चढावर जड गिअरवर दाबत जाणं हेच झिजलेल्या गुडघ्याला सगळ्यात वाईट. वरच्या प्रश्नातल्या काकूंना सांगितली तशी सीट मोजा, सगळ्यात हलका गिअर लावा, तरी दुखलं तर उतरून ढकलत जा, त्यात कमीपणा काही नाही. आणि आठवड्यातून एकदाच दोन तास यापेक्षा चार-पाच दिवस अर्धा-अर्धा तास सपाटीवर, हे गुडघ्याला जास्त मानवतं. महिनाभर असं करून बघा, तोवर रविवारी मित्रांना वर जाऊ द्या, तुम्ही उपवन तलावाच्या बाजूने चक्कर मारा आणि ते खाली आले की चहाला भेटा.