भाऊबीजेला बावीस पानं

पत्र थोडक्यात असं: "नागपूरच्या मनीषनगरात आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. भाऊबीजेच्या रात्री तिन्ही नणंदा सहकुटुंब येतात, घरचे धरून 22 पानं होतात. सासूबाईंना पुरणपोळी, पाटोडी रस्सा, वडाभात, सांबारवडी (कोथिंबिरीची), भरीत सगळं हवं असतं, पण गुडघ्यांमुळे त्यांना आता उभं राहवत नाही. यजमान म्हणतात केटरर बोलवू, त्यावर सासूबाई रुसतात. मागच्या वर्षी पाटोड्या रश्श्यात विरघळल्या, भाताचा गोळा झाला, मी साडेअकराला एकटी जेवले. माझा भाऊ वर्ध्याला असतो, त्याला ओवाळणं चार-पाच दिवसांनी कधीतरी होतं. काय करू? – वाढपीण"

ताई, पत्रात भावाचा उल्लेख अगदी शेवटी एका ओळीत आलाय, पण खरं दुखणं तेच दिसतं. म्हणून आधी तेच. भावाला त्याच रात्री सहकुटुंब जेवायला बोलवा. वर्धा काही लांब नाही, गाडीने दीड-दोन तास. 22 ची 25 पानं होतील. जिथे तीन बहिणी भावाला ओवाळतात तिथे चौथीनं ओवाळलं तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. यजमानांनी हे सासूबाईंच्या कानावर आधी घालावं. परवानगी मागायची नाही, "या वर्षी तोही येतोय" एवढंच सांगायचं.

आता स्वयंपाक. तुमची यादी चवीला उत्तम आहे, पण ती चार बायकांच्या स्वयंपाकघराची आहे. पुरणपोळी आणि सांबारवडी दोन्ही गरम लागतात, दोन्ही पाहुणे आल्यावरच करावी लागतात. आपल्याकडची पुरण भरभरून घातलेली पोळी किलोभर डाळीत जेमतेम 25 होते, म्हणजे तव्यापाशी दीड तास. दोन्ही गाळा. भरीतही गाळा. गोड म्हणून श्रीखंड: डेअरीतून सव्वा किलो चक्का, किलोभर साखर, वेलची-केशर. आदल्या रात्री साखर मिसळून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी गाळून घ्या. घरात फराळाचे डबे भरलेले असताना यापेक्षा जास्त गोड कुणी खात नाही.

पाटोडी रस्सा ठेवा, नागपुरात पाहुणचार त्याशिवाय होत नाही. मागच्या वर्षी पाटोड्या विरघळल्या याची कारणं दोनच असू शकतात: बेसन कच्चं राहिलं, किंवा वड्या उकळत्या रश्श्यात तासभर पडून राहिल्या. 25 जणांना किलोभर बेसन लागेल, पण ते दोन घाण्यांत करा. एका कढईत किलोभर घेतलं की हात फिरत नाही आणि गाठी होतात. एका वाटी बेसनाला दीड वाटी पाणी. फोडणीत पाणी घालून खळखळ उकळलं की आच कमी करून बेसन थोडंथोडं सोडत घोटा, झाकण ठेवून चार-पाच मिनिटं वाफ आणा, पुन्हा घोटा, पुन्हा वाफ. ओल्या बोटाला पीठ चिकटेनासं झालं म्हणजे शिजलं. तेल लावलेल्या ताटात अर्धा-पाऊण सेंटीमीटर जाड थापा आणि पूर्ण गार झाल्यावरच कापा. वड्या रश्श्यात कधीच टाकायच्या नाहीत. वाटीत चार वड्या ठेवायच्या, वरून कढत रस्सा ओतायचा.

रश्श्याचा मसाला आदल्या रात्रीच करून ठेवा. किलोभर कांदे, पाव किलो सुकं खोबरं, 50 ग्रॅम खसखस, 100 ग्रॅम लसूण, त्याच्या निम्मं आलं. सगळं भाजून-वाटून तेल सुटेपर्यंत परता आणि गार करून फ्रीजमध्ये ठेवा. संध्याकाळी चार लिटर उकळतं पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं उकळा. थंड पाणी ओतलं तर तर्री बसते. खोबरं-खसखशीमुळे रस्सा दाट होत जातो, म्हणून शेजारी गरम पाण्याचं पातेलं असू द्या. लहान मुलांसाठी चारेक पाटोड्या दह्यासोबत द्या, रश्श्यात साखर घालून तो बिघडवू नका.

वडाभात तर यजमानिणीचा मित्रच. वडे कुस्करूनच खायचे असतात, त्यामुळे दुपारी तळलेले चालतात. चणाडाळ 400 ग्रॅम, तूर 150, मूग आणि उडीद 100-100. चार तास भिजवा, पूर्ण निथळा, पाण्याविना जाडसर वाटा. पाणी राहिलं की वडा तेल पितो, फार बारीक वाटलं की दगड होतो. तांदळाचं मात्र जपा. दिवाळीच्या सुमारास बाजारात नवा तांदूळ यायला लागतो, आणि तुमच्या भाताचा गोळा बहुधा त्याचाच झाला. दुकानदाराकडे जुना एचएमटी मागा (हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलं, आपल्या भागाचंच आहे). पावणेदोन किलो पुरतो, तोही दोन पातेल्यांत. एकाच पातेल्यात खालचा लगदा होतो आणि वरचा कच्चा राहतो. वडाभातासोबतची कढी मंद आचेवर, उकळी येईपर्यंत ढवळत राहिलात की फुटत नाही. मोहरी-हिंग-लाल मिरचीची फोडणी वेगळ्या वाटीत.

पोळ्या बाहेरून. जवळच्या पोळीभाजी केंद्रात धनतेरसच्या आधी 60 पोळ्या सांगून ठेवा, भाऊबीजेला त्यांनाही सुट्टी असू शकते. यजमानांना केटरर हवाय ना, त्यांचं तेवढं समाधान पोळ्यांवर करा. भरलेला सिलिंडर घरात आहे का, तेही त्यांनीच पाहायचं.

तुमच्या शेगडीला बर्नर दोन असतील, तर त्या रात्री फक्त भात आणि रस्सा एवढंच शिजेल असा बेत धरा. पाटोड्या तीनपर्यंत, वडे पाचपर्यंत, कढी साडेपाचला. सहानंतर ओटा पुसून तुम्ही आंघोळीला. ओवाळणी सुरू झाली की भाताचं पहिलं पातेलं आणि शेजारी रस्सा चढवा. पाकिटं, फोटो, मुलांचा गोंधळ यात पाऊण तास सहज जातो, तोवर दोन्ही तयार. पहिली पंगत बसली की दुसरा भात.

सासूबाईंना यादीतून काय काय काढलं हे वाचून दाखवू नका. खुर्ची ओट्याशी ठेवा, रश्श्याचं मीठ-तिखट आणि कढीची फोडणी त्यांच्या हाती द्या. चव त्यांचीच राहील आणि पाहुण्यांना ते सांगताही येईल. नणंदांना "काही आणू नका" म्हणायची सवय सोडा. थोरलीला कोशिंबीर आणायला सांगा, बाकी दोघींना वाढायला. आणि तुम्ही पहिल्या पंगतीत, भावाशेजारी बसा. दुसरी पंगत यजमान आणि त्यांचे मेहुणे वाढतील. भात कुठल्या पातेल्यात आहे, वाट्या कुठे, पोळ्यांचा डबा कोणता हे त्यांना आधी दाखवून ठेवा, नाहीतर दर दोन मिनिटांनी हाक येईल.

भावाला फोन आजच करा. येताना तीन डझन संत्री आण म्हणावं. अंबिया बहाराची तेव्हा बाजारात येऊ लागलेली असतात, आणि तर्रीच्या जेवणानंतर सोललेल्या फोडी ठेवल्या की दुसरं गोड कुणी विचारत नाही.