तो फक्त कबड्डीचंच वाचतो

“मॅडम, हा पुस्तकाला हात लावत नाही. नुसतं कबड्डीचं वाचत बसतो.” आठवीतल्या मुलाची आई सांगत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरी येणारे ‘किशोर’चे अंक न उघडताच पडून होते. धाक, बक्षीस, मोबाइल काढून घेणं, सगळं करून झालं होतं. मुलगा मान खाली घालून नखं कुरतडत होता.

मी म्हटलं, “ताई, महिनाभर त्याला हवं ते वाचू द्या. फक्त वाचलेलं घेऊन माझ्याकडे यायचं.”

पुढच्या आठवड्यात खिशातून कात्रण निघालं. त्याच्याच संघाने जिंकलेल्या तालुका पातळीवरच्या अंतिम सामन्याची बातमी.

“यात काही राहिलंय का रे?”

तो पुन्हा वाचू लागला, या वेळी ओळीवर बोट ठेवून. “शेवटची पकड कोणी केली तेच नाही!” मग त्याने ओळी मोजल्या. अकरांपैकी सहा ओळी बक्षीस देणाऱ्या मान्यवरांच्या नावांच्या. खेळाडूंपैकी एकट्या कर्णधाराचं नाव. खाली त्याच प्रमुख पाहुण्यांच्या वाढदिवसाची जाहिरात. तीही त्याची त्यालाच दिसली.

“म्हणजे बातमीचे पैसे दिले यांनी?”

“जाहिरातीचे दिले असतील. बातमीचेही दिले, हे एवढ्यावरून कळतं?”

बराच वेळ गप्प. “नाही. विचारावं लागेल.”

शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांनी १९६३ साली ब्राझीलमधल्या आंजिकोस गावात प्रौढांना अक्षरओळख दिली, ती त्यांच्याच रोजच्या जगण्यातल्या शब्दांपासून. या मुलाचा शब्द ‘पकड’ होता, एवढंच.

आईची काळजी मला खोटी वाटत नाही. मुलाच्या हाती नुसता मोबाइल देऊन आपण बाजूला झालो, तर तो एकामागून एक व्हिडिओच पाहत राहील. निवड त्याची असू द्या, पण शेजारी बसून विचारा: हे कोणी लिहिलं, कोणासाठी, कोणाचं नाव राहिलं? धडा वाचतानाही हेच प्रश्न विचारता येतात, पण ती सवय आधी आवडीच्या मजकुरावर लागते, असा माझा अनुभव आहे.

महिनाअखेरीस त्याने वहीत स्वतःची बातमी लिहून आणली. राखीव धरून बाराही जणांची नावं होती. आईने ती माझ्यासमोरच वाचली आणि विचारलं, “अरे, तुमच्या सरांचं नाव कुठंय?”

त्याने माझ्या टेबलावरचं पेन उचललं.